मिठाचं माप

ताई, यंदाची कैरी परवा आणली. दहा किलो, आणि बिट्टन मार्केटातूनच. अयोध्या नगरातून तिथवर जायचं म्हणजे भोपाळचं दुसरं टोक गाठायचं, आणि वाटेत चार ठिकाणी अशीच कैरी ढिगानं पडलेली असते, हे मी तुम्हाला वर्षानुवर्षं सांगत आले. तुम्ही एकदाही ऐकलं नाहीत. आता तुम्ही नाहीत म्हटल्यावर मी मुकाट्यानं जवळच्या बाजारातून आणणार होते. पण तुमच्या भावानं सकाळी गाडीची किल्ली उचलली आणि मला काही न विचारता गाडी तिकडेच वळवली.

कैरीवाला तोच, आपला नेहमीचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

"दीदी नहीं आईं?"

"दीदी नहीं रहीं भैया. चैत में गईं."

त्यानं हातातला कैऱ्या फोडायचा सरोता खाली ठेवला. मग म्हणाला, "तो आज मैं छाँट देता हूँ. वो एक-एक कैरी नाक से लगाकर लेती थीं. आप तो बस थैली में भर लेती हैं." आणि खरंच त्यानं एकेक कैरी वास घेऊन निवडली. मागे माणसं ताटकळली, पण कुणी हूं की चूं केलं नाही. मी मात्र मनात म्हटलं, बघा, जाऊनही माझी उणीदुणी काढायला माणूस ठेवून गेल्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात सासू नव्हती, तुम्ही होतात. थोरली नणंद. सचिवालयातली नोकरी तुमची, तुलसी नगरचं सरकारी क्वार्टर तुमच्या नावावर. म्हणजे नवरा माझा, पण घर तुमचं. आम्ही सांगलीकडची माणसं, वडील इथल्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून आलेले, त्यामुळे माहेर टाउनशिपमध्ये. लग्नाआधी आई म्हणाली होती, "नागपूरची माणसं तिखट खातात आणि तिखट बोलतात, जपून राहा." दोन्ही बाबतींत ती खरी ठरली. वर्षभरात दोन्हींची सवय झाली, आणि दुसऱ्या वर्षापासून माहेरचं जेवण मला मिळमिळीत लागायला लागलं.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला स्टुलावर चढवून माळा दाखवलात. वर ओळीनं पुडकी होती, सगळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि सुतळीनं बांधलेली. पितळी पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, तुमच्या आजीचं तांब्याचं घंगाळ, पितळी परात, आणि ते माप. राज्याची नवी राजधानी भोपाळला झाली, ऑफिसं नागपूरहून इकडे आली, त्यांच्याबरोबर तुमचे वडील आले आणि त्यांच्याबरोबर ही भांडी. मी नवी नवरी, मला वाटलं छाप पाडावी. म्हटलं, "ताई, ही घासून बाहेर मांडू या ना. पाहुण्यांना किती छान दिसतील."

तुम्ही म्हणालात, "शोकेसमध्ये ठेवायला ती काय मेली आहेत का?"

मग मला त्या पुडक्यांचा कायदा सांगितलात. भांडं वापरून झालं की त्याच दिवशीच्या पेपरात गुंडाळायचं. म्हणजे ते शेवटचं कधी वापरलं, हे पेपरावरच्या तारखेनं कळतं. आणि पेपर पिवळा पडायला लागला की त्या भांड्याचा पदार्थ करायचा, सण असो की नसो. आपल्या घरात श्रावण नाही, होळी नाही, मधल्याच एखाद्या मंगळवारी पुरणपोळ्या व्हायच्या, त्या अशा. शेजारच्या मिश्राभाभी विचारायच्या, "आज कौन सा त्योहार है आप लोगों का?" आणि तुम्ही अगदी गंभीरपणे सांगायचात, "पेपर पीला पड़ गया था." त्या बिचाऱ्यांना कितीतरी वर्षं वाटत होतं की हे मराठी लोकांचं काहीतरी व्रत असावं.

पेपरसुद्धा कुठलाही चालायचा नाही. घरात दोन यायचे. हिंदी सकाळी दारात पडायचा. मराठी नागपूरहून गाडीनं यायचा आणि दुपार उलटून, कधी दुसऱ्या दिवशी, हातात पडायचा. हिंदी रद्दीला, मराठी स्वयंपाकघराला. डब्यांखाली मराठी, भांड्यांवर मराठी, वड्या घालायच्या त्या चादरीखालीही मराठी. मी एकदा चुकून डाळीच्या फळीवर हिंदी पेपर अंथरला, तर तुम्ही सगळे डबे पुन्हा खाली उतरवलेत. मला राग आला. म्हटलं, डाळीला काय कळतंय. तुम्ही म्हणालात, "डाळीला नाही कळत, मला कळतं. दिवसभर ऑफिसात हिंदी वाचते. घरी येऊन डबा उचलला की खाली आपलं काहीतरी दिसलं पाहिजे."

तुमचं म्हणणं मला पटलं नव्हतं, पण त्या फळ्यांनी मला फार सुख दिलं, हे आज सांगते. साखरेच्या डब्याखाली एका कादंबरीचं प्रकरण आलं होतं, आठवतं? आठवड्याला एक छापून यायचं. नायिका स्टेशनवर बॅग घेऊन उभी आहे, आणि पुढचा कागद फळीच्या मापानं कापलेला. तुम्ही ऑफिसातून आलात की मी चहा ठेवायची आणि आपण दोघी ठरवायचो की ती आज गाडीत चढली की नाही. तुम्ही तिला कधी चढू दिलं नाहीत. म्हणायचात, "काहून जाईल ती? इथे काय वाईट आहे?" मी तिला रोज चढवायची. सहा महिने तो वाद चालला. मग साखर सांडली, मुंग्या झाल्या, आणि फळी धुताना नायिका वाहून गेली.

पण मला बोलायचंय ते मापाबद्दल.

अंदाजे अर्ध्या शेराचं, जाड पितळेचं, बाहेरून दोन रेघा कोरलेलं माप. त्याच्या बुडाला लिंबाएवढा पोचा होता, तळ आत गेलेला. त्या पोच्याला घरात इटारसी म्हणायचे. नागपूरहून येताना तुम्ही दहा वर्षांच्या होतात आणि ते माप तुमच्या हातात दिलेलं होतं. इटारसीला गाडी थांबली, तुम्ही पाणी प्यायला खाली उतरलात, माप हातातून सुटलं आणि फलाटाच्या कडेवरून खाली रुळावर गेलं. वडिलांनी उडी मारून ते वर काढलं. तुमची आई रागावली नाही, एवढंच तुम्ही सांगायचात. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तिनं त्या पोचा आलेल्या मापानं कैरीला मीठ घातलं, चाखत चाखत, आणि दहा किलोला चार मापं असं ठरवून टाकलं. तेव्हापासून आपलं लोणचं ते चार मापांचं.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं आणि आपण अयोध्या नगरात आलो. सामान हलवताना पेपरांचे गठ्ठे पाहून ट्रकवाला म्हणाला, "दीदी, ये रद्दी भी जाएगी?" तुम्ही म्हणालात, "रद्दी आपकी होगी. ये हमारी रसोई है." त्या गडबडीत मला एक हौस सुचली. इतक्या वर्षांची नोकरी संपली, तुम्हाला काहीतरी द्यावं. साडी दिली तर तुम्ही ती तिसऱ्या दिवशी कुणाला तरी देऊन टाकता. म्हणून मी ते माप गुपचूप जुन्या शहरात नेलं, चौकामागच्या गल्लीतल्या ठठेऱ्याकडे. त्यानं पोचा ठोकून काढला, चिंचेनं घासून असं लखलखीत केलं की मला माझं तोंड त्यात दिसलं. नव्या घरातल्या पहिल्या संध्याकाळी मी ते तुमच्या हातात ठेवलं.

तुम्ही ते उलटं करून बघितलंत. बुडावरून अंगठा फिरवलात. मग म्हणालात, "छान केलंस गं." आणि ते कपाटात ठेवून दिलंत. मला वाटलं होतं त्याहून तुम्ही जरा कमीच खूश झालात, पण घर हलवण्याचा शीण असेल म्हणून सोडून दिलं.

त्या उन्हाळ्यात तुम्ही चुलतबहिणीच्या मुलाच्या लग्नाला नागपूरला गेलात आणि जाताना मला सांगितलंत, कैरी उतरायला लागेल, थांबू नको, घालून टाक. मी घातलं. दहा किलो कैरी, चार मापं मीठ, एक दोन तीन चार, मोठ्यानं मोजून. आणि लोणचं झालं खारट. थोडंथोडकं नव्हे, पहिल्या घासाला माणूस पाण्याकडे हात नेईल असं. वर्षभराचं लोणचं, दोन बरण्या भरून. जो तो आडून बोलला. तुमचे काका आले होते, ते म्हणाले, "सूनबाईनं समुद्र घातला वाटतं." तुम्ही त्यांना तिथल्या तिथे गप्प केलंत. म्हणालात, कैरीच यंदा वेगळी निघाली, आंबटपणाच नाही तिच्यात, मग मीठ वर येणारच. मला तेवढ्यानं बरं वाटलं. आणि गंमत बघा ताई, काढलेला पोचा आणि खारट लोणचं, ही दोन टोकं माझ्या डोक्यात कधी एकत्र आलीच नाहीत. मी आपली स्वतःलाच दोष देत राहिले की मी चारच्या ऐवजी पाच घातली असतील.

पुढच्या उन्हाळ्यात कैरी कापून झाली, हळद लावून झाली, मी माप घ्यायला हात पुढे केला, आणि तुम्ही म्हणालात, "मिठाचं मी बघते. तू बाहेर तेल बघ."

तेव्हापासून दरवर्षी तेच. कैरी निवडायची तुम्ही, कोरडी करायची मी. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, सगळं माझ्याकडे. तेल तापवून निवत ठेवायचं माझ्याकडे. मीठ मात्र तुमचं, आणि तेही माझ्याकडे पाठ करून. माप धुवायचंसुद्धा नाही मला; "ते मी कोरड्या फडक्यानं पुसते, तू हात लावू नको," म्हणून तुम्ही स्वतः पेपरात गुंडाळून वर ठेवायचात. घरात मी आणखी किती काय काय करत होते. तुमची औषधं, तुमच्या पेन्शनचे कागद, ऋचाची शाळा, सगळं माझ्या हातात. आणि चार मापं मीठ मोजायला मी नालायक.

हे मला लागलं, ताई. फार लागलं. मी तुम्हाला कधी बोलले नाही, पण ऋचाला बोलले. ती तेव्हा कॉलेजात जात होती. म्हटलं, "तुझी आत्या चांगली आहे, पण तिनं मला कधी घरची मानली नाही. एकदा चुकले तर जन्मभर शिक्षा." हे एकदा नाही, चार-पाच वेळा बोलले. ती हैदराबादला नोकरीला लागल्यावर फोनवरसुद्धा बोलले. माणूस बोलून मोकळं होतं म्हणतात. मी नाही झाले. दर उन्हाळ्यात नव्यानं बोलत राहिले.

आणि मग दवाखाना. तुम्ही चांगल्या होतात तेव्हा, म्हणजे शेवटच्या आठवड्याच्या आधी, एका दुपारी मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही मध्येच चमचा बाजूला केलात. म्हणालात, "शैला, यंदा मीठ तू घाल. माप आहे तसंच वापर. घासू नको बरं."

मी काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, "इतकी वर्षं नाही चाललं, आता बरं चाललं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हसलात. मला वाटलं, तुम्हाला तो टोमणा कळलाच नाही. तुम्ही म्हणालात, "पेज छान झाली आहे," आणि पुन्हा तोंड उघडलंत. आपलं त्या विषयावरचं बोलणं तिथेच संपलं.

आता परवाचं सांगते. कैरी कापून, हळद लावून ठेवली. स्टुलावर चढून माप काढलं, गेल्या जूनचा पेपर अंगावर. तो मराठी पेपर आता आपल्याकडे येत नाही, एजंटानं बंद करून तीनेक वर्षं झाली; तुम्ही जुन्या गठ्ठ्यातून एकेक कागद काटकसरीनं काढत होतात आणि वरच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं नवी तारीख लिहीत होतात. पुडकं सोडलं. माप हातात घेतलं तर ते मला उथळ वाटलं. आत बघितलं. तळाशी काहीतरी पांढरं, घट्ट बसलेलं. मला वाटलं, म्हातारपणी नजरेतून सुटलं असेल, मिठाचा थर साचला. सुरीचं टोक घालून मी ते उचकटलं. कडेनं मेणबत्तीचं मेण लावलेलं होतं. बाहेर निघाली ती दुधाच्या पिशवीत शिवलेली एक गोल चकती, बोटभर जाडीची. पिशवी टराटरा फाटली, वर पंखा चालू होता, आणि स्वयंपाकघरभर कागद उडाले.

गोल कापलेले कागद, ताई. मराठी पेपराचे. मी खाली बसून एकेक गोळा केला. एकावर अर्धी लग्नाची जाहिरात, एकावर मिरचीचे भाव. आणि काहींवर तुमचं पेन्सिलीचं अक्षर, फाइलवर असायचं तसंच तिरकं. एकावर लिहिलं होतं, "अजून खारट." दुसऱ्यावर, "फरक पडला, पुरेसा नाही." तिसऱ्यावर, "एक किलोवर पाहिले. किंचित जास्त." आणि शेवटी हाती आलेल्यावर, "मंजूर," खाली तुमची छोटी सही.

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. तुमचा भाऊ पाणी प्यायला आत आला. म्हणाला, "हे काय मांडलंस?"

मी ते कागद त्याच्यापुढे धरले. त्यानं चष्मा वर केला, वाचलं, आणि हसायलाच लागला. "अरे बापरे! हे अजून आहे?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! तू आठ दिवस टाउनशिपला आईकडे गेली होतीस ना, त्या खारट लोणच्याच्या पुढच्या वर्षी. ताईनं रोज थोडी थोडी कैरी आणली, मीठ लावलं आणि मला चाखायला बसवलं. माझे दात आंबले, पोळी चावता येईना. पोचा निघाल्यानं मापात मीठ जास्त मावतंय, हे तिच्या लगेच लक्षात आलं होतं."

"मग सरळ सांगायचं ना मला. चारच्या ऐवजी साडेतीन घाल म्हणायचं."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, तिनं एवढ्या हौसेनं करून आणलं. आता आकडा बदलला की दर लोणच्याला तिला टोचेल. चारच राहू दे, मी तळ वर आणते. मला शपथ घातली, शैलाला बोलायचं नाही."

"आणि तुम्ही वीस वर्षं पाळलीत?"

तो जरा ओशाळला. "पाळली कसली," म्हणाला, "मी विसरूनच गेलो होतो."

हा तुमचा भाऊ. मी वीस वर्षं धुमसतेय आणि हा विसरलाय. मला इतका राग आला की रडायच्या ऐवजी मीही हसायला लागले. मग दोघंही हसलो, आणि मग तो पाणी न पिताच बाहेर गेला. त्याला तुमची आठवण अशीच येते, हसता हसता मध्येच.

म्हणजे तुम्ही पाठ करून मीठ घालत होतात ते मला दिसू नये म्हणून. माप धुऊ देत नव्हतात ते मेण सुटू नये म्हणून. मला शिक्षा वाटत होती ते सगळं पांघरूण होतं, आणि तुम्ही ते दरवर्षी न चुकता घालत राहिलात. तुमच्याशी भांडायचं तर या गोष्टीवरून आता खूप भांडता येईल. मला नसतं टोचलं, ताई. एकदा कळलं असतं, चार दिवस वाईट वाटलं असतं, पाचव्या दिवशी मी ती गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगितली असती. तुम्ही माणसाला जपायचात, पण जपताना त्याला विचारायचात नाही. तुमची आई तुम्हाला रागावली नाही, ते तुम्ही जन्मभर धरून बसलात आणि तसंच माझ्याशी वागलात. हे माझं म्हणणं आहे आणि तुमचं त्यावर काहीतरी उत्तर असणार. ते मला ऐकायला मिळणार नाही, याचंच खरं तर वाईट वाटतं.

मग मी ऋचाला फोन लावला. बाकी कुणाला नाही तरी तिला सांगणं भाग होतं. सगळं सांगितलं, कागद, मेण, मंजूर. म्हटलं, "मी तुला आत्याबद्दल जे बोलत आले ते चूक होतं. तू ते मनातून काढून टाक."

ती म्हणाली, "आई, तू बोलायचीस, मी ऐकायची. बस. मनात कोण घेत होतं? सुट्टीत आल्यावर मी कुणाच्या खोलीत झोपायची? सच बता."

"आत्याच्या."

"मग!" ती म्हणाली. "आत्या तर मला म्हणायची, लोणचं माझ्या नावावर खपतं, पण मसाला सगळा तुझ्या आईचा असतो."

हे तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत.

मग ती लगेच कामाचं बोलायला लागली, आजकालच्या पोरींसारखं. "अब सुन. तो जुगाड सोड. डिजिटल काटा आहे ना घरी? मीठ एकदा तोलून घे, ग्रॅममध्ये लिहून ठेव, फिर टेन्शन ही नहीं." तिचं चुकत नाही. मी तोललंसुद्धा. आकडा तुम्हाला सांगत नाही, तुम्ही नाक मुरडाल. पण त्याआधी मी सगळे कागद पुन्हा एकावर एक रचले, नवी दुधाची पिशवी धुऊन, पुसून, वाळवून घेतली, आणि चकती शिवून पुन्हा मेणानं बसवली. कागदांवर तुम्ही फाइलीसारखे आकडे घातले होते, त्यांतला एक कमी भरत होता, कपाटाखाली गेला असेल, मिळाला नाही. आपले मराठी पेपर आता अगदी दहा-बारा उरलेत, ते भांड्यांसाठी ठेवले. म्हणून त्या एका कागदाच्या जागी सकाळचा हिंदी पेपर कापून घातला. तुम्हाला आवडणार नाही, पण आता माप माझ्या ताब्यात आहे.

चार मापं मीठ घातलं. पहिल्या तीन मापांना काही वाटलं नाही. चौथं भरलं तेव्हा थांबले, वरून हात फिरवून सपाट केलं, कैरीची एक फोड तोंडात टाकली, आणि मग ते ओतलं. आज तिसरा दिवस. कैरीला पाणी सुटलंय, रंग उतरलाय. सकाळी चाखून बघितलं. मीठ बरोबर आहे, ताई. अगदी तुमच्यासारखं. तुमच्या भावानं दोन फोडी खाल्ल्या, तिसरी मागितली. दुपारी मसाला मिसळेन आणि बरण्या भरेन. एक छोटी ऋचाला जाईल, एक छोटी त्या कैरीवाल्याला द्यायचं मी ठरवलंय.

बरं चाललंय आमचं. तुम्ही नाही तर घर सुनं होईल असं वाटलं होतं, पण माळ्यावर पुडकी आहेत, पुढच्या महिन्यात तारखेप्रमाणे सोऱ्याचा पेपर पिवळा पडतोय, कामं काही संपत नाहीत. तुमच्याबरोबर पस्तीस वर्षं एका ओट्यावर राबले, त्याचा मला आज अभिमान वाटतो. असं कुणी मला जपलं असेल, हे मला या वयात कळलं. काहींना ते कधीच कळत नाही.

पोचा काढल्याची माफी मी मागणार नाही. ते मी प्रेमानं केलं होतं, आणि तुम्ही ते तसंच घेतलंत. पण त्या दुपारी दवाखान्यात तुम्ही माझ्या हातात मीठ दिलंत आणि मी तुम्हाला टोमणा मारला. त्याची माफी मागायला हवी होती. त्यानंतर माझ्याकडे नऊ दिवस होते आणि मी ती मागितली नाही. माझं चुकलं, ताई. हे लिहायला मुद्दाम बाहेर अंगणात येऊन बसले आहे. लोणच्याला पाण्याचा एक थेंब लागला तरी ते टिकत नाही.